तीन सेंटिमीटरची चोरी

"या शहरात खरे गुप्तहेर दोनच," भिंगमामा म्हणाला. "एक मी. दुसरा अजून कुणाला सापडलेला नाही, इतका तो चांगला आहे."

भाचीने संगणकावरून मान वर केली नाही. सकाळचे नऊ वाजले होते आणि मामाने खुर्ची ओढून घेतली होती, म्हणजे मजकूर मोठा असणार.

"लिहून घे. आंतरगल्ली कीर्तीचे रहस्यभेदक. नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची."

"आणि पोट?"

"ते खाजगी आहे. त्यात घ्यायचं नाही." मामाने खिशातला चतकोर कागद पुढे सरकवला. "मधोमध 'गुप्तहेर' हा शब्द. पिवळा. त्याला काळी कड, काळ्याला पांढरी, पांढऱ्याला लाल. रस्त्यापलीकडून वाचता आला पाहिजे."

"गुप्तहेर रस्त्यापलीकडून वाचता आला तर तो गुप्त कसा राहील, मामा?"

"काम गुप्त असतं. बोर्डही गुप्त ठेवला तर गिऱ्हाईक काय वास काढत येईल?"

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षं त्याने घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले आणि निवृत्त झाल्यावर, जो मीटर वाचतो तो माणसंही वाचू शकतो, असं स्वतःच ठरवून टाकलं. हातातलं भिंग तेव्हाचंच, जिन्याखालचे अंधारे आकडे वाचायला घेतलेलं. आजवर त्याने तीन प्रकरणं हाताळली होती. पहिल्यात हरवलेलं मांजर आपण होऊन परत आलं. दुसऱ्यात छत्री कुठे ठेवली हे पाऊस लागल्यावर मालकालाच आठवलं. तिसऱ्यात मामाच हरवला आणि त्याला शेजाऱ्यांनी शोधून आणलं. तिन्ही प्रकरणं त्याच्या वहीत 'यशस्वी' या सदरात होती.

"बोर्ड नंतर," भाची म्हणाली. "आज मला डोकं खाजवायलाही वेळ नाही."

ते खरं होतं. दुकान बाबांचं. चाळीस वर्षं त्यांनी ब्रशने पाट्या रंगवल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं लांब टेबल होतं आणि त्याच्यावर सांडलेल्या रंगांचे इतके थर साचले होते की खालचं लाकूड कुठलं हे आता कुणालाच आठवत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी भाचीने त्याच खोलीत विनाइल कापायचं मशीन आणलं. संगणकावर अक्षर काढायचं आणि मशीनने बारीक पात्याने ते रंगीत, चिकट प्लास्टिकमधून कापून द्यायचं. बाबांनी त्यावर काहीच मत दिलं नाही. मग एके दिवशी जेवताजेवता म्हणाले, "प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी तू कर. अक्षर नीट बसलं तर पुढची खोली तुझी, मी मागे जातो. नाही बसलं तर मशीन मागे, आणि तू माझ्याबरोबर रंगाचा डबा धरायला."

बाबा एकदा बोलले की बोलले. गाडी आज चार वाजता न्यायला येणार होत्या डॉक्टरीणबाई.

मजकूर साधा होता: वरच्या ओळीत 'फिरता', खालच्या ओळीत 'दवाखाना'. भाचीने तो काल संध्याकाळीच सॉफ्टवेअरमध्ये बसवला होता. पडद्यावर शिरोरेषा सलग दिसते, पण मशीनच्या लेखी प्रत्येक अक्षर आपापली रेघ डोक्यावर घेऊन आलेलं असतं, आणि ते प्रत्येक सांध्यावर इमानदारीने पातं चालवतं. म्हणून तिने आधी सगळे सांधे जोडून एकसंध आकार केला. मग त्याच्याभोवती सगळीकडून बरोबर एक सेंटिमीटरवर दुसरी रेषा काढली. आतला आकार पिवळ्यात कापायचा, बाहेरचा निळ्यात. निळं खाली, पिवळं वर, म्हणजे प्रत्येक अक्षराला निळी कड. निळ्याची लांबी एकशे ब्याऐंशी सेंटिमीटर, उंची अठ्ठावन्न. मशीनमध्ये मावेल तेवढं मोठं.

साडेनऊला तिने निळं कापलं, नको तो भाग सोलून काढला, आणि चिकटवण्याआधी टेबलावर ठेवून वर पिवळं धरून पाहिलं. 'द' चपखल बसला. 'वा' जरा उजवीकडे कलला. 'खा' कडेला टेकला. आणि शेवटच्या 'ना'चा काना निळ्याच्या बाहेर सरळ दोन सेंटिमीटर, जागा न मिळालेल्या प्रवाशासारखा उभा.

भाचीने टेप लावली. निळं एकशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक नऊ भरलं. पुन्हा लावली. तेवढंच. पडद्यावर एकशे ब्याऐंशी.

"तीन सेंटिमीटर गेले," ती स्वतःशीच म्हणाली.

मामा ताडकन उठला. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो सख्ख्या मामाला शोभणारा नव्हता.

"गेले? म्हणजे चोरी!"

"मामा, तीन सेंटिमीटर कोण चोरेल?"

"तोच तर प्रश्न आहे! पैसा कुणीही चोरतो. तीन सेंटिमीटर चोरायला डोकं लागतं." त्याने वही उघडली. "खिडकी बंद करा. कुणीही जागेवरून हलायचं नाही."

"मी एकटीच आहे."

"मग तू हलू नकोस."

भाची हलली. तिने एक छोटा चौकोन काढला, दहा बाय दहाचा, आणि त्याच निळ्याच्या कोपऱ्यातून कापून पाहिला. दहा बाय दहाच आला, केसाचाही फरक नाही. मशीन खोटं मोजत असेल तर इथेही खोटं यायला हवं होतं.

मामाने भिंगातून चौकोन पाहिला, मग मशीन पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "लक्षात येतंय का? लहान व्यवहारात प्रामाणिक, मोठ्या व्यवहारात हात मारतो. हा मुरलेला गुन्हेगार आहे. आधी विश्वास कमावतो."

"ते मशीन आहे, मामा."

"कारकूनही मशीनसारखेच असतात."

साडेदहाला तिने धीर करून दुसऱ्यांदा निळं कापलं. मधल्या वेळात तिने पातं बदललं, संगणक बंद करून चालू केला, केबल काढून पुसून लावली. दुसरं निळंही एकशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक नऊ. आता तिच्या तोंडचं पाणी पळालं. हा निळा डॉक्टरीणबाईंनी आपल्या दवाखान्याच्या दाराला जुळवून निवडलेला होता. व्यापाऱ्याकडे त्यातलं सहा मीटरच उरलं होतं आणि पुढचा माल आठवड्याने येणार होता. एकेका खेपेला दोन मीटर. गाडीला बाजू दोन, आणि रोलवर आता एकाच बाजूचं निळं शिल्लक.

तिने दोन्ही फुकट गेलेले तुकडे चुरगळायला उचलले.

"हात लावू नकोस!" मामा ओरडला. "हा मुद्देमाल आहे."

"कचरा आहे तो."

"उद्या न्यायालयात काय दाखवू, कचराकुंडी?" त्याने ते दोन्ही तुकडे तिच्या हातातून काढून घेतले, भिंतीला टाचले आणि खाली चिठ्ठ्या लावल्या: 'मृत क्र. १' आणि 'मृत क्र. २'.

अकरा वाजता मामाचा पहिला निष्कर्ष आला. विनाइल थंडीने आकसलं होतं. त्याने 'मृत क्र. १' खाली उतरवून गोधडीत गुंडाळलं आणि वर उशी ठेवली.

भाचीने कागदाच्या कोपऱ्यावर हिशेब केला. "मामा, एवढं आकसायला खोली जवळजवळ अडीचशे अंशांनी गार व्हायला हवी."

मामाने विचार केला. "सकाळी मला गार वाटलंच होतं."

साडेअकराला दुसरा निष्कर्ष आला. पलीकडच्या गल्लीत रबरी शिक्के करणारा एक गृहस्थ होता. त्याला मोठी अक्षरं जमत नव्हती, सबब तो मोठ्या अक्षरांवर जळत असणार. मामाने शेजारच्या शिवणवाल्या काकूंकडून मापाची टेप आणली आणि उंबऱ्यातला धुळीतला ठसा मोजला. आडवा मोजला, उभा मोजला, तिरका मोजला. मग तो ठसा बाबांच्या चपलेचा असल्याचं भाचीने सांगितलं.

मामा सावकाश उभा राहिला. "तुझे बाबा," तो म्हणाला, "हे मशीन बंद पडलं तर पुढची खोली कुणाला मिळते?"

"मामा, नको."

"हेतू आहे. संधी आहे. चप्पल आहे."

मागच्या अंगणात बाबा स्टुलावर बसून कुलपं दुरुस्त करणाऱ्याची लाकडी पाटी रंगवत होते. 'कु'चा उकार अर्धा झाला होता. मामा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि वही उघडली. भाची दारातच थांबली. तिला पुढेही जाववेना आणि मागेही.

"दाजी, आज सकाळी सात ते नऊ तुम्ही कुठे होतात?"

"तुझ्यासमोर. माझ्या कपातून चहा पीत होतास."

"त्याला साक्षीदार?"

"तूच की."

"मी तपास अधिकारी आहे, मला साक्ष देता येत नाही," मामा म्हणाला आणि तसं वहीत लिहिलं. "मशीनचं काम बिघडावं असं तुम्हाला वाटतं का?"

बाबांनी उकार पुरा केला. ब्रश टोकापर्यंत थरथरला नाही. "मला बिघडवायचंच असतं," ते म्हणाले, "तर मी ते मशीन आणलं त्याच दिवशी दारात उभं राहून नाही म्हटलं असतं. लपून तीन सेंटिमीटर कापत बसायला मला एवढा वेळ आहे का रे?" मग मान न वळवता दाराकडे म्हणाले, "चारला गाडी द्यायचीय ना?"

"हो," भाची म्हणाली.

"मग इथे काय उभी आहेस?"

ती आत आली. बाबांना ती अडल्याचं कळलं होतं, आणि ते उठून आले नव्हते. ते बरोबरही होतं. गाडी तिची होती. ती खुर्चीत बसली आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगचं एकेक पान उघडून पाहू लागली. आकारमान शंभर टक्के. रेषेचं अंतर एक सेंटिमीटर. सगळं जिथल्या तिथे. डोळे इतका वेळ पडद्यावर लागले होते की तिला आता सगळ्याच गोष्टी तीन सेंटिमीटर लहान वाटत होत्या.

तिच्या पाठीमागे मामाने ओळख परेड सुरू केली. दुकानातले सगळे रोल त्याने भिंतीशी ओळीने उभे केले, लाल, पांढरा, पिवळा, निळा, काळा, आणि हात पाठीमागे बांधून त्यांच्यासमोरून येरझारा घालू लागला. अर्धा तास घातल्या.

"याचं बघ," अखेर तो म्हणाला, "निळ्याचं. बाकी सगळे ताठ उभे आहेत. हा एकटाच मान खाली घालून उभा आहे. अपराधी भावना, दुसरं काय! बोल रे निळ्या, तुझे साथीदार कोण?"

"मामा, माझ्यावर उपकार कर आणि दहा मिनिटं गप्प बस."

"संशयित कोसळायच्या बेतात असताना?"

दाराशी शिवणवाल्या काकू उभ्या होत्या. तोंडात दोन टाचण्या, त्यामुळे आवाज ओठांच्या कोपऱ्यातून येत होता. "टेप दे रे माझी. पाच मिनिटांसाठी म्हणून नेलीस. तीन बायका मापं द्यायला हात पसरून उभ्या आहेत तिकडे."

"ताई, ती टेप पुराव्यात गेली आहे."

"मग पुराव्यातून काढ." काकूंनी ती त्याच्या गळ्यातून ओढून घेतली, बोटांभोवती गुंडाळायला लागल्या, आणि गुंडाळता गुंडाळता त्यांची नजर भिंतीपाशी गेली. टाचण्या त्यांनी तोंडातून काढून पदराला लावल्या. "हे काय मांडलंयस?"

"ओळख परेड. तो निळा मान खाली घालून उभा आहे. तुम्हालाही जाणवलं ना?"

"मान कसली? त्याचा पन्हा कमी आहे."

भाचीने खुर्ची वळवली.

"पन्हा म्हणजे काय?" मामाने संशयाने विचारलं, वहीवर पेन्सिल टेकवून.

"अरे, कापडाची रुंदी! तागा या काठापासून त्या काठापर्यंत किती रुंद आहे ते. या बाकीच्यांपेक्षा निळा बोटभर बुटका आहे की." काकूंनी टेप लावली. "पिवळा एकसष्ट. निळा साठ. वेगळ्या गिरणीचा आहे हा. मला तर रोजचंच आहे. एकाच झग्याला दोन तागे घेतले आणि पन्हा नाही बघितला, की बाही तोकडी झालीच समज. तू कापायच्या आधी पन्हा नाही बघत?"

भाची पडद्यावर शेवटचं पान उघडत होती, जे तिने उघडलंच नव्हतं, कारण ते मापाचं नव्हतं, छपाईच्या कागदाचं होतं. तिथे एक छोटी चौकट होती: 'मोठं झाल्यास रुंदीत बसवून घ्या.' चौकटीत बरोबरची खूण. ती खूण तिची होती. तीन आठवड्यांपूर्वी डब्यांवरची बारकी लेबलं कापताना तिनेच केली होती, माल वाया जाऊ नये म्हणून, आणि विसरून गेली होती.

"मशीन दोन्ही कडांना दीड-दीड सेंटिमीटर धरून ठेवतं," ती म्हणाली. ती काकूंना सांगत होती, पण खरं तर स्वतःलाच मोजून दाखवत होती. "एकसष्टमध्ये अठ्ठावन्न उरतात. तेवढ्यावरच मी अक्षर बेतलं होतं. साठमध्ये सत्तावन्न. निळं मावेना, म्हणून त्याने ते एक सेंटिमीटर बुटकं केलं. उंची कमी केली तशी लांबीही केली. मला न विचारता."

"विचारलं होतं की," काकू म्हणाल्या, तिच्या खांद्यावरून पाहत. "तू हो म्हणून ठेवलंयस."

"आणि छोटा चौकोन मुळातच मावत होता. म्हणून तो खरा आला."

"म्हणजे चोर कोण?" मामा म्हणाला.

"कुणीच नाही, मामा."

"असं कसं? मी तिघांचे जबाब घेतलेत!"

भाचीने घड्याळ पाहिलं. पावणेदोन. हातात एकाच बाजूचं निळं, बाजू दोन. कारण कळून पन्हा वाढत नव्हता. "पण आता निळं कुठून आणू?"

काकू भिंतीकडे पाहत होत्या. तिथे 'मृत क्र. २' नीटनेटकं, टाचण्यांनी ताणून लावलेलं होतं. "हे बिघडलंय का कुठे?"

"लहान झालंय."

"अगं, अस्तर लहान झालं म्हणून अस्तर टाकतात का? वरचं कापड तेवढंच लहान काप की. पिवळं आहे ना भरपूर?"

भाचीने सत्तावन्नला अठ्ठावन्नने भागलं, पिवळ्याच्या आकारमानात अठ्ठ्याण्णव पूर्णांक अठ्ठावीस टक्के लिहिलं, ती चौकटीतली खूण काढली, आणि मशीन सुरू केलं. निळ्याचे दोन तुकडे होते. गाडीच्या बाजूही दोन होत्या.

"गोधडीतलं इकडे आण, मामा."

"मृत क्रमांक एक?"

"तो जिवंत आहे."

मामाने ते दोन्ही हातांवर, झोपलेलं मूल आणावं तसं आणलं. उशीमुळे त्याला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती. "मी जपून ठेवलं म्हणून," तो म्हणाला, आणि भाचीने पहिल्यांदाच त्यावर मान डोलावली, कारण ते अक्षरशः खरं होतं.

सव्वातीनला तिने दुकानासमोर उभ्या असलेल्या गाडीवर अक्षरं चढवायला घेतली आणि चारला पाच कमी असताना दुसऱ्या बाजूचा, अक्षरं उचलून चिकटवायचा पारदर्शक कागद निघाला. पांढऱ्या पत्र्यावर पिवळं, पिवळ्याभोवती निळं, 'द'पासून शेवटच्या कान्यापर्यंत एकसारखं, बोटाच्या रुंदीचं. डॉक्टरीणबाई आल्या, दोन पावलं मागे गेल्या, म्हणाल्या, "लांबून वाचता येतंय. छान!" आणि गाडी पुसायला फडकं मागितलं. मामा त्यांना प्रकरणाची पार्श्वभूमी सांगू लागला. ज्या कौशल्याने त्याने संशयितांना एका रांगेत उभं केलं होतं, त्यावर तो बराच वेळ बोलला.

बाबा बाहेर आले तेव्हा हात फडक्याला पुसत होते. ते गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले. शेवटच्या कान्याच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि एक डोळा मिटून उभे राहिले.

ते परत आले. "वरच्या ओळीत र आणि ता लांब पडलेत," ते म्हणाले.

"तेवढं अंतर सॉफ्टवेअरनेच ठेवलं, बाबा. सगळीकडे सारखं."

"ते सारखंच ठेवणार. त्याला मोजता येतं, बघता येत नाही. र च्या पोटाखाली रिकामं पडतं, म्हणून डोळ्याला तिथे खिंडार दिसतं. ता आत ओढायला हवा होता. फार नाही, दाणाभर."

"म्हणजे नाही बसलं," ती म्हणाली.

"बसलं की! कोण म्हणतंय नाही बसलं म्हणून? कड बघ कशी बसलीय. एवढी एकसारखी कड मला हाताने धरायला दोन दिवस लागले असते." ते एवढं बोलले आणि आत गेले.

ती मागोमाग आली तेव्हा ते टेबलावरचे ब्रश काढून डब्यात उभे करत होते. "धर त्या टोकाला," ते म्हणाले. टेबल जड होतं. भाचीने आपलं टोक उचललं आणि मागच्या दाराच्या दिशेने उलट पावलं टाकायला सुरुवात केली. आज जिंकूनही तिला घाई नव्हती.

"तिकडे कुठे निघालीस?"

"मागे. तुम्ही म्हणाला होतात ना, बसलं तर मागे जातो म्हणून."

"म्हणालो होतो. पण मागून मला तुझा पडदा कसा दिसणार?" बाबांनी टेबल आपल्या बाजूने ओढलं, मशीनला वळसा घालून संगणकाच्या शेजारी आणलं आणि भिंतीला टेकवलं. "खोली तुझीच. मी आपला कडेला बसेन." स्टूल ओढून ते बसले. "काढ परत ती ओळ."

भाचीने 'फिरता' उघडलं, सांधे मोकळे केले आणि 'ता' डावीकडे सरकवला.

"अजून."

तिने सरकवला.

"अजून थोडा."

मामा दोघांच्या मधून वाकला, भिंग डोळ्याला लावलेलं. "काही हललं का? मला तर काहीच हललेलं दिसत नाही."

"थांब," बाबा म्हणाले. पण तिचा हात त्याआधीच थांबला होता.